अंगणात फॉल कलर हवाय: झुडपं कोणती लावावीत? (न्यू जर्सी, झोन ७ए, म्हणजे इथल्या थंडीनुसार पाडलेला बागकामाचा विभाग)

निवांत_दुपार | १८ सप्टेंबर

नमस्कार मंडळी,
मध्य जर्सीत घर घेऊन आता वर्ष होत आलं. पुढे छोटं अंगण आणि ड्राईव्हवे, मागे बऱ्यापैकी मोकळी जागा, तिच्यापलीकडे थोडं रान. ड्राईव्हवेच्या कडेने आधीच्या मालकांनी बर्निंग बुश या झुडपांची रांग लावलेली आहे. गेल्या ऑक्टोबरात ती अशी काही लाल झाली की येणारा-जाणारा गाडी हळू करायचा. आता शेजारच्या आजी (बागेतल्या दर्दी, आयुष्यभर मराठी माणसासारखं स्पष्ट बोलत आलेल्या) म्हणतात, "ते सगळं उपटून टाका." आमच्या घरातलं दुसरं मत म्हणतं, "फुकट मिळालेली शोभा कोण उपटतं?"

तर प्रश्न असे: खरंच उपटावं का? त्याच्या जागी किंवा मागच्या बाजूला काय लावावं, ज्याची पानं शरदात रंगतील? मोठी झाडं नकोत, खिडक्या झाकल्या जातात. हरणं रोज संध्याकाळी हजेरी लावतात. आणि लावायचं ते आत्ता, की एप्रिलपर्यंत थांबायचं?

---

खुरपं | १८ सप्टेंबर

आजींचं ऐका.

बर्निंग बुश मूळचं पूर्व आशियातलं. शोभेसाठी एकोणिसाव्या शतकात इकडे आणलं आणि पुढे प्रत्येक मॉलच्या पार्किंगला, प्रत्येक ऑफिसपुढे लावलं गेलं. फळं छोटी, आत केशरी-लाल आवरणातलं बी. पक्षी ते खातात आणि रानात नेऊन टाकतात. मोठ्या झाडांच्या सावलीतही ते मजेत वाढतं, आणि खाली जी देशी रोपं उगवायची त्यांना जागाच उरत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये २००९पासून विक्री बंद आहे, न्यू हॅम्पशायरमध्येही बंदी आहे. न्यू यॉर्कमध्ये २०१५च्या नियमांनुसार विकायचं तर 'ही आक्रमक जात आहे' असं लेबल लावावं लागतं. तुमच्या मागे रान आहे म्हणताय, म्हणजे तुमच्या बाबतीत हा प्रश्न पुस्तकी नाही. नोव्हेंबरात त्या रानात एक चक्कर मारा. सावलीतली बर्निंग बुश लाल होत नाहीत, फिकट गुलाबी होतात, त्यामुळे चटकन ओळखू येतील.

आणखी एक. नर्सरीत 'कॉम्पॅक्टस' (म्हणजे आटोपशीर) नावाने जे बर्निंग बुश विकलं जातं त्याच्या नावावर जाऊ नका, तेही आठ-दहा फूट होतं. खिडक्यांचा विचार करत असाल तर तिथेही ते नापासच.

आणि घरात लहान मुलं असतील तर फळं विषारी आहेत, तेवढं लक्षात असू द्या.

---

सातारकर_एडिसन | १८ सप्टेंबर

+१. आणि बार्बेरी असेल तर तीही काढा. त्या दाट काटेरी झुडपाखाली ओल टिकते, उंदीर लपतात आणि गोचिड्या वाढतात. कनेक्टिकटमध्ये यावर बरंच संशोधन झालंय, गोचिड्यांमुळे होणाऱ्या लाइम रोगाच्या संदर्भात. आमच्याकडे कुत्रा आहे म्हणून आम्ही आधी तीच काढली.

---

तर्कट | १९ सप्टेंबर

जरा विरोधी सूर लावतो. माझ्याकडे पंधरा वर्षांपासून दोन बर्निंग बुश आहेत आणि अंगणात एक रोप आपोआप उगवलेलं पाहिलं नाही. चांगलं जोमदार झुडूप केवळ तत्त्वासाठी तोडायचं, आणि मग नर्सरीत पैसे ओतून ढोपराएवढी रोपं आणून पाच वर्षं वाट बघायची, हे मला पटत नाही. हे देशी-परदेशी प्रकरण अतीच व्हायला लागलंय. लॉनचं गवत काय देशी आहे?

---

खुरपं | १९ सप्टेंबर

तर्कटराव, अंगणात रोप दिसणार कसं? तिथे तुम्ही दर आठवड्याला मोअर फिरवता. बी पक्ष्याच्या पोटातून जातं ते तो जिथे बसतो तिथे, म्हणजे रानात, ओढ्याकाठी. लॉनच्या गवताबद्दल तुमचं म्हणणं मान्य, पण ते गवत कुंपण ओलांडून जंगलात शिरत नाही.

पैशांचा मुद्दा मात्र रास्त आहे. म्हणून निवांत_दुपार, सगळी रांग एकदम काढू नका. या वर्षी रानाच्या बाजूची दोन-तीन काढा, बाकीच्यांवर फळं धरली की छाटून पिशवीत भरून कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये नको. मुळं खोल नसतात पण जाळं दाट असतं, त्यामुळे पावसानंतर माती मऊ असताना खणलेलं बरं.

आता त्याच्या जागी काय. माझी पहिली पसंती फॉदरगिला. अमेरिकेच्या आग्नेय भागातलं झुडूप. 'माउंट एअरी' ही जात सगळीकडे मिळते, उंची पाच-सहा फूट, वाढ सावकाश. एप्रिलमध्ये पानं फुटायच्या सुमारास पांढरी, ब्रशसारखी फुलं येतात, मधासारखा वास असतो. पाकळ्या नसतातच, दिसतात ते पुंकेसर. आणि शरदात एकाच झुडपावर पिवळा, केशरी, लाल, कधी जांभळट, सगळं एकत्र. बर्निंग बुशचा लाल एकसुरी असतो, इथे प्रत्येक पान वेगळं निघतं. माती आम्लधर्मी आणि निचऱ्याची हवी. पाणी साचणाऱ्या जागी लावू नका.

पाणी साचतं तिथे इटिया नावाचं झुडूप. 'हेन्रीज गार्नेट' मागा. ही जात मेरी हेन्री नावाच्या बाईंनी १९५४मध्ये जॉर्जियात शोधली. त्यांची बाग फिलाडेल्फियाजवळ ग्लॅडविनला होती. जूनमध्ये पांढरे लोंबते तुरे आणि मग नोव्हेंबरभर, कधी डिसेंबरातही, गडद लालजांभळी पानं. बाकी सगळं झडून गेल्यावरही हे उभं असतं. अर्ध्या सावलीत चालतं. एकच वाईट सवय, मुळांपासून फुटवे काढून पसरतं. तुमच्या ड्राईव्हवेच्या कडेला ते एका अर्थी चांगलंच आहे, रांग आपोआप भरून येईल.

---

पर्णिका | १९ सप्टेंबर

छान धागा! वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाही.

बरेच जण समजतात की थंडी पडली की पानं लाल होतात. खरं घड्याळ आहे ते लहान होत जाणाऱ्या दिवसाचं. दिवस लहान झाला की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून त्यातला नत्र परत फांदीत ओढून घेतं. पिवळा रंग आधीपासूनच पानात असतो, कॅरोटिनॉइड्सचा. हिरवा पडदा सरला की तो दिसतो. लाल मात्र बहुतेक झुडपांत त्या वेळी *नव्याने तयार होतो*. त्याला साखर लागते. देठाशी पेशींचा एक थर तयार होऊन पानाची वाट बंद होत असते, साखर पानात अडकते, आणि ऊन असेल तर त्यापासून अँथोसायनिन बनतं. म्हणून लख्ख ऊन असलेले दिवस आणि गार, पण शून्याच्या वरच्या रात्री, हा योग जुळला की त्या वर्षी लाल रंग बघण्यासारखा येतो. ढगाळ, उबदार शरद असेल तर सगळं फिकट. लवकर कडक हिमतुषार पडले तर पान रंगायच्या आधीच करपतं.

यातून बागेसाठी दोन गोष्टी निघतात. एक, लाल रंग हवा असेल तर निदान अर्धा दिवस ऊन हवंच. सावलीत तीच जात पिवळट राहते आणि लोक नर्सरीला शिव्या घालतात. दोन, ऑगस्टनंतर नत्रयुक्त खत घालू नका. लॉनला घातलेलं खत झुडपाच्या मुळांपर्यंत जातं हे विसरलं जातं. पान हिरवंच राहतं आणि कोवळी फूट थंडीत मरते.

---

ब्लूबेरीवाली | २० सप्टेंबर

एवढी चर्चा झाली आणि जर्सीत राहून कुणी ब्लूबेरीचं नाव घेतलं नाही?!

हायबुश ब्लूबेरी हे *शोभेचं* झुडूप आहे हो. मे महिन्यात पांढऱ्या घंटा, जून-जुलैत फळं, ऑक्टोबरात केशरी-लाल पानं, आणि थंडीत कोवळ्या काड्यासुद्धा लालसर. बर्निंग बुशच्या लालच्या सगळ्यात जवळ जाणारा रंग मला तरी हाच वाटतो. शिवाय ती इथलीच लेक आहे. आज जी मोठी ब्लूबेरी आपण डब्यातून आणतो तिचं पहिलं पीक १९१६मध्ये आपल्याच पाइन बॅरन्स या जर्सीतल्या पाइनच्या रानातल्या व्हाइट्सबॉगहून बाजारात गेलं. एलिझाबेथ व्हाइट यांची क्रॅनबेरीची शेती होती, आणि फ्रेडरिक कोव्हिल हे सरकारी कृषिखात्यातले शास्त्रज्ञ. एलिझाबेथबाईंनी रानात फिरणाऱ्या स्थानिकांना भोक पाडलेली पट्टी दिली. त्या भोकातून जे फळ खाली पडणार नाही त्याचं झुडूप दाखवा आणि पैसे घ्या. ज्याने झुडूप शोधलं त्याचं नाव त्या जातीला. रूब लीक नावाच्या गृहस्थांनी दाखवलेलं झुडूप 'रुबेल' झालं आणि ते आजही लावलं जातं. व्हाइट्सबॉग गाव बघायला मिळतं, मुलांना घेऊन जा.

अट एकच पण कडक: मातीचा पीएच (आम्लतेचं माप) ४.५ ते ५च्या आसपास. घराच्या पायाजवळ लावू नका, काँक्रीटमधून चुना उतरून माती अल्कधर्मी होते. रटगर्स या जर्सीच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासून घ्या, मग गंधक घाला. गंधकाचा परिणाम व्हायला महिनोनमहिने लागतात, म्हणून आत्ता घालून पुढच्या वर्षी लावलेलं उत्तम. दोन वेगळ्या जाती शेजारी असल्या की फळं जास्त आणि मोठी. पाइनच्या सुया मल्च (मातीवरचं आच्छादन) म्हणून मस्त चालतात.

फळं तुम्हाला मिळतील की पक्ष्यांना, हा वेगळा विषय.

---

तर्कट | २० सप्टेंबर

हे पटलं. खायला मिळणार असेल तर मी एक बर्निंग बुश काढायला तयार आहे. एक.

---

हरणांचा_यजमान | २० सप्टेंबर

तुम्ही सगळे ज्या गावात राहता तिथे हरणं नाहीत काय? ब्लूबेरी आमच्याकडे पहिल्याच थंडीत शेंड्यापासून खाल्ली गेली. जाळी नसेल तर लावू नका. ओकलीफ हायड्रेंजियाचं कुणी सुचवायच्या आधीच सांगतो, तो तर त्यांचा फराळ.

रटगर्सची एक यादी आहे, कुठलं झाड हरणं किती खातात त्याची प्रतवारी करून दिलेली. खरेदीला निघण्याआधी ती बघा. माझ्याकडे टिकलेली म्हणजे फॉदरगिला (कधीमधी चाखतात) आणि सुगंधी सुमाक. 'ग्रो-लो' नावाची जात घ्या. दोन फूट उंच, सहा-आठ फूट पसरते, पानं चुरगळली की उग्र वास. उतारावर, कोरड्या रेताड मातीत, जिथे काही धड येत नाही तिथे ती केशरी-लाल गालिचा घालते. सुमाक म्हटल्यावर घाबरू नका, अंगाला खाज आणणारा पॉयझन सुमाक वेगळा, तो दलदलीत असतो आणि त्याची फळं पांढरट असतात.

---

खुरपं | २० सप्टेंबर

ओकलीफ हायड्रेंजिया जाळीच्या आत असेल तर मात्र सोडू नका. मूळचा आग्नेय अमेरिकेतला, अलाबामाचं राज्य रानफूल. मोठी, ओकसारखी कातरलेली पानं शरदात वाइनच्या रंगाची होतात, आणि पानं गेल्यावर सोलवटलेली दालचिनी रंगाची साल दिसते. साधा सहा-आठ फूट होतो. 'रुबी स्लिपर्स' तीन-साडेतीन फुटांत राहतो, खिडकीखाली तोच बरा. फुलं जुन्या फांदीवर येतात. म्हणजे शरदात किंवा वसंतात कात्री लावलीत तर पुढच्या उन्हाळ्यातली फुलं गेली. छाटायचंच असेल तर फुलून झाल्यावर लगेच.

---

थेम्सकाठी | २१ सप्टेंबर

इंग्लंडमधून हात वर करते. तुमच्याकडे जे आरोपीच्या पिंजऱ्यात आहे त्याच बर्निंग बुशला इकडे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा गुणवत्ता पुरस्कार आहे! इकडे ते रानात पसरून उपद्रव करत नाही, त्यामुळे मी ते बिनधास्त लावलंय. एकच झुडूप एका देशात शिरजोर आणि दुसऱ्यात सज्जन.

पण इकडचा देशी भाऊबंद मला जास्त आवडतो: स्पिंडल. शेतांच्या बांधावरच्या कुंपणात सहज दिसतो. 'रेड कॅस्केड' जातीला गुलाबी फळं लागतात, ती उकलली की आत केशरी बिया. गुलाबी आणि केशरी एकत्र, पैठणीवरच शोभावं असं. चुनखडीच्या मातीतही येतो, जिथे फॉदरगिला आणि ब्लूबेरी पिवळ्या पडून बसतात. फळं विषारी आहेत, हे याचंही. रंग बघायला जमलं तर ऑक्टोबरात ग्लॉस्टरशरमधल्या वेस्टनबर्टला जा, तिथला जपानी मेपलचा संग्रह पाहून मग स्वतःच्या बागेकडे बघवत नाही.

बाकी पर्णिकाताईंनी सांगितलेला उन्हाचा मुद्दा इथे रोज अनुभवते. ढगाळ ऑक्टोबर असला की लाल काही खुलत नाही, पिवळ्यावर समाधान मानायचं.

---

कोथरूडकर | २१ सप्टेंबर

यातलं काही पुण्यात येईल का? गच्चीवर कुंडीत ब्लूबेरी वगैरे? ऑनलाइन रोपं विकतात.

---

पर्णिका | २१ सप्टेंबर

कोथरूडकर, रोप येईल, रंग येणार नाही. या झुडपांना थंडीतली विश्रांती लागते, ती पुण्यात मिळत नाही. पैसे वाचवा.

आपल्याकडे पानांचा रंग वेगळ्या वेळी येतो. देशी बदाम बघा, थंडीच्या अखेरीस गळायच्या आधी पानं लालभडक होतात, अगदी मुंबईतही. ताम्हणाची पानं थंडीत तांबूस होतात. आणि कोशिंब तर उलटाच, मार्चमध्ये *नवी* पालवी लाल घेऊन येतो, सह्याद्रीत लांबून फुलला आहे असं वाटतं. गच्चीवर मात्र यातलं काही मावणार नाही. तिथे क्रोटन, अकॅलिफा आणि पॉइन्सेटिया. क्रोटनला भरपूर ऊन द्या, सावलीत तो हिरवा पडतो. पॉइन्सेटियाला ऑक्टोबरपासून सलग अंधाऱ्या लांब रात्री लागतात. गच्चीवर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत असेल तर पानं लाल व्हायची राहतात, कुंडी आडोशाला हलवा.

---

सातारकर_एडिसन | २१ सप्टेंबर

ताम्हणाचं नाव निघालं म्हणून. इकडे जे क्रेप मर्टल लावतात ते त्याच कुळातलं, ताम्हणाचं चुलत भावंड. पानांचा आकार, चुरगळलेल्या क्रेपसारखी पाकळी, सगळं ओळखीचं वाटतं. आईबाबा आले होते तेव्हा बाबा थेट म्हणाले, "हे तर आपलं राज्यफूल, जरा रोडावलंय." शरदात त्याची पानं केशरी-लाल होतात, हे फुलांच्या कौतुकात राहून जातं. वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्बोरेटममध्ये डोनाल्ड एगॉल्फ यांनी भुरी न लागणारे संकर केले, 'नॅचेझ' १९७८चा. नॅचेझ वीस फुटांवर जातो, तेव्हा तुम्हाला बुटकी जात बघावी लागेल. जर्सीत मे उजाडेपर्यंत तो मेल्यासारखा दिसतो, घाबरून उपटू नका.

---

निवांत_दुपार | २४ सप्टेंबर

मंडळी, किती लिहिलंत! घरात दोन्ही मतांना धागा वाचायला दिला. ठराव असा: रानाच्या बाजूची तीन बर्निंग बुश जाणार. तिथे पाणी साचतं, म्हणून इटिया. पुढे खिडकीखाली फॉदरगिला. ब्लूबेरी पुढच्या वर्षी, आधी माती तपासणार. आता लावायची पद्धत सांगा, आणि आत्ताच लावू ना?

---

खुरपं | २४ सप्टेंबर

आत्ताच. माती अजून उबदार आहे, हवा गार होतेय, मुळं धरायला हा उत्तम काळ. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरका. एक फायदा सांगतो: नर्सरीत या दिवसांत रोपं रंगायला लागलेली असतात आणि बऱ्याचदा सेलही असतो. एकाच जातीच्या रोपांतसुद्धा रंग कमीजास्त असतो, तेव्हा डोळ्यांनी बघून उचला.

खणायच्या आधी ८११ला फोन करा. फुकट आहे, ते येऊन गॅसच्या, विजेच्या लाइन रंगाने आखून देतात. कंटाळा करू नका. तुमच्याकडे एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर पुढच्या अंगणातल्या बदलाला त्यांची परवानगी लागते का तेही बघा.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. खोल लावलेलं झुडूप गुदमरतं. कुंडीत गोल फिरलेली मुळं सुरीने उभी चिरून मोकळी करा, नाहीतर ती जमिनीतही गोलच फिरत बसतात. काढलेलीच माती परत भरा, खड्ड्यात खत नको. वर दोन-तीन इंच मल्च, बुंध्यापासून चार बोटं लांब. इथले लँडस्केपवाले बुंध्याभोवती मल्चचे डोंगर रचतात, त्यांचं बघून करू नका.

---

थेम्सकाठी | २५ सप्टेंबर

आणि पानं गळाल्यावरचे चार महिने? तिकडची विंटरबेरी विसरलात का, पानझडी होली? पानं साधी पिवळी होऊन जातात, पण बर्फात नुसत्या काड्यांवर लाल फळं.

---

ब्लूबेरीवाली | २५ सप्टेंबर

हो! पण नर आणि मादी झुडपं वेगळी असतात, फळं मादीवरच. शिवाय दोघांची फुलायची वेळ जुळावी लागते. 'रेड स्प्राइट'बरोबर 'जिम डँडी', 'विंटर रेड'बरोबर 'सदर्न जंटलमन'. पत्रिका बघूनच आणा. हिलाही ओलसर जागा आवडते, इटियाच्या शेजारी शोभेल.

---

निवांत_दुपार | १९ ऑक्टोबर

धागा वर काढतेय. तीन बर्निंग बुश गेली (कंबर अजून आठवण काढतेय). इटिया लागले, फॉदरगिलाही. फॉदरगिलाची दोन-चार पानं केशरी झालीत, इटिया अजून हिरवेगार. पाणी किती दिवस घालायचं? आणि काल संध्याकाळी एक मोठा नर हरीण आजींच्या मेपलच्या कोवळ्या खोडाला शिंगं घासत होता. झुडपांना धोका आहे का?

---

हरणांचा_यजमान | १९ ऑक्टोबर

आहे. हा त्यांचा माजाचा हंगाम. खायचं नसलं तरी शिंगं घासून साल सोलतात, फांद्या मोडतात. नव्या रोपांभोवती तारेच्या जाळीचं गोल कडं करा, चार फूट तरी उंच, आणि खुंटीने पक्कं रोवा. डिसेंबर सरेपर्यंत काढू नका.

---

खुरपं | २० ऑक्टोबर

पाणी जमीन गोठेपर्यंत. पाऊस झाला नाही त्या आठवड्यात साधारण इंचभर, एकदाच पण खोलवर. रोज शिंपडू नका. इटिया उशिराच रंगतो, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर बघा.

---

तर्कट | २० ऑक्टोबर

'रुबेल' कुठल्या नर्सरीत मिळालं का कुणाला? आमच्या इथे फक्त 'ब्लूक्रॉप' आहे.